दोन कोड द्या, अंतर आणि वेळ घ्या: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे नंतर फाटे फुटणार नाहीत. वापरणारा दोन विमानतळांचे तीन अक्षरी कोड देणार. त्याला तीन गोष्टी दाखवायच्या: अंतर, उड्डाणाला लागणारा वेळ आणि पोचल्यावर तिथल्या घड्याळात किती वाजले असतील. भाडं, आसनं, सामानाची मर्यादा यातलं काहीही नाही. बैठकीत नकाशाचा विषय निघालाच. तो पुढच्या टप्प्यावर ढकलला आहे.

अंतर म्हणजे बृहद्‌वृत्तावरचं अंतर, म्हणजे गोलावरची सर्वांत जवळची वाट. न्यूयॉर्क ते लंडन अशी रेघ सपाट नकाशावर पट्टीने ओढली तर ती समुद्रातून आडवी जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणला तर तो नोव्हा स्कोशिया, न्यूफाउंडलंड असा वर सरकतो आणि तरीही लांबीला कमी भरतो. विमानं त्या दोऱ्याच्या आसपास उडतात. किती आसपास, हा प्रश्न नंतर सतावणार असं दिसतंय.

९ जानेवारी

डेटा घेतला. अवरएअरपोर्ट्सची जगभरच्या विमानतळांची फाइल सार्वजनिक आहे आणि वरचेवर दुरुस्त होते, म्हणून तीच पायाभूत धरली. त्यात हेलिपॅड आहेत, समुद्री विमानांचे तळ आहेत, बंद पडलेली मैदानंही आहेत. बहुतेक ओळींत तीन अक्षरी कोडाची जागा रिकामीच. प्रकार 'मोठा' किंवा 'मध्यम' आणि कोड भरलेला, अशी चाळणी लावून पाहिली. पण लहान बेटांवरचे, रोज विमान उतरणारे विमानतळ त्यात गळतात. म्हणून प्रकाराची अट काढून 'कोड आहे आणि मैदान बंद नाही' एवढीच ठेवली. समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत आहे, मीटरमध्ये नाही. स्तंभाच्या नावातच तसं लिहिलंय, तरी इथे नोंदवतो.

कोडांचं प्रकरण वाटलं त्यापेक्षा नाजूक आहे. एलओएन, एनवायसी, टीवायओ हे विमानतळांचे कोड नाहीतच, ते अख्ख्या शहराचे. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड असे बरेच विमानतळ एलओएनखाली येतात. असा कोड टाकला तर 'कोणता विमानतळ?' असं विचारायचं. मनाने एखादा निवडून द्यायचा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कोड जागा बदलतात. इस्तंबूलचा आयएसटी हा कोड ६ एप्रिल २०१९ रोजी अतातुर्क विमानतळावरून शहराच्या उत्तरेच्या नव्या विमानतळावर गेला आणि अतातुर्कला आयएसएल मिळाला. दोन्ही जागांमध्ये तीसेक किलोमीटरचं अंतर. जुन्या फाइलीत आयएसटीपुढे अजून अतातुर्कचेच अक्षांश-रेखांश सापडतात. १९९८ मध्ये हाँगकाँगचं काय ताकवरून चेक लाप कोकला असंच स्थलांतर झालं, कोड तोच राहिला. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा चार अक्षरी कोड मात्र बहुधा विमानतळाला चिकटून असतो. अतातुर्क एलटीबीए, नवा एलटीएफएम. म्हणून आतल्या आत चार अक्षरी कोड हीच ओळख ठेवायची आणि तीन अक्षरी फक्त वापरणाऱ्यासाठी दारावरची पाटी.

१४ जानेवारी

पडताळणीसाठी देशोदेशींच्या अधिकृत वैमानिकी माहितीपुस्तिकांतले आकडे ताडून पाहतोय. तिथे विमानतळाचा संदर्भबिंदू अंश-मिनिटं-सेकंदांत, मध्ये कसलंही चिन्ह न टाकता छापतात. हीथ्रोचा संदर्भबिंदू ५१२८३९ उत्तर, ०००२७४१ पश्चिम. वाचायचं असं: ५१ अंश, २८ मिनिटं, ३९ सेकंद. दशांशात ५१.४७७५. रेखांश ०.४६१४ पश्चिम.

इंटरनेटवर फिरणाऱ्या काही याद्यांत हेच आकडे मध्ये टिंब टाकून ५१.२८३९ आणि ०.२७४१ असे दशांश म्हणून भरलेत. दिसायला अगदी बरोबर. पण हीथ्रो त्यामुळे दक्षिणेला साडेएकवीस आणि पूर्वेला तेरा किलोमीटर, म्हणजे एकूण पंचवीसेक किलोमीटर सरकतो. तो ठिपका हीथ्रोपेक्षा गॅटविकला जवळ पडतो! लांबच्या प्रवासात पंचवीस किलोमीटर कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. म्हणूनच अशा चुका वर्षानुवर्षं टिकून राहतात.

सापडायला सोपी खूण आहे. दशांश अंशांत टिंबानंतरच्या पहिल्या दोन अंकांत ६० ते ९९ सुद्धा यायला हवेत. एखाद्या यादीत ते कधीच ५९ च्या वर जात नसतील, तर ती यादी मिनिटांची आहे असं समजावं. ही चाचणी आता आयात करणाऱ्या स्क्रिप्टमध्येच आहे. ज्या यादीत ही खूण दिसेल ती पूर्ण नाकारायची, ओळी वेचत बसायचं नाही.

२० जानेवारी

सूत्राचा दिवस. हॅव्हरसाइन सूत्र सगळीकडे चालतं, चार ओळींत बसतं, पण पृथ्वी पूर्ण गोल आहे असं धरतं. त्रिज्या ६,३७१ किमी. खरी पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे. डब्ल्यूजीएस ८४ या मानकात विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८.१३७ किमी आणि ध्रुवाशी ६,३५६.७५२ किमी. म्हणजे सुमारे २१.४ किलोमीटरचा फरक.

याचा अंतरावर परिणाम किती, ते दोन जोड्यांवर पाहिलं आणि दोन्हींचं उत्तर उलट दिशेला गेलं. न्यूयॉर्कचं जेएफके ते लंडनचं हीथ्रो: गोलावर ५,५३९ किमी, चपट्या पृथ्वीवर सुमारे १५ किमी जास्त. कैरो ते जोहान्सबर्ग: गोलावर ६,२६५ किमी, चपट्या पृथ्वीवर सुमारे ३० किमी कमी. कारण सरळ आहे. कैरो-जोहान्सबर्ग मार्ग जवळजवळ दक्षिणोत्तर आहे आणि विषुववृत्त ओलांडतो. त्या पट्ट्यात दक्षिणोत्तर दिशेने एक अंश म्हणजे साधारण ११०.६ किमी, गोलाच्या हिशेबाने मात्र १११.२ किमी. मधल्या अक्षांशांत पूर्व-पश्चिम जाताना नेमकं उलट घडतं. म्हणजे 'सगळ्या उत्तरांना एकाच आकड्याने गुणून सुधारू' ही सूचना बाद. चूक दिशेवर आणि अक्षांशावर अवलंबून आहे.

पर्याय दोन होते. विन्सेंटीची १९७५ ची पद्धत अचूक आहे, पण पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असलेल्या बिंदूंवर ती फिरत राहते आणि उत्तर देत नाही. विषुववृत्तावरचा ०° रेखांशाचा बिंदू आणि ०.५° उत्तर, १७९.७° पूर्व हा बिंदू ही तिला अडकवणारी प्रसिद्ध जोडी. कार्नीने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत तिथेही उत्तर देते आणि जिओग्राफिकलिब या तयार सॉफ्टवेअर-संग्रहात आयती मिळते. ती घेतली. माद्रिद ते वेलिंग्टन ही जोडी चाचणीत ठेवली आहे, अंतर १९,८५० किमीच्या आसपास. पृथ्वीवर दोन ठिकाणं याहून फार दूर असूच शकत नाहीत, कारण अर्धा परीघ २०,००० किमीचा.

हॅव्हरसाइन काढून टाकलेलं नाही. दोन्ही उत्तरांत ०.६ टक्क्यांहून जास्त तफावत आली तर समजायचं की अंतराच्या हिशेबातच काहीतरी बिघडलंय.

२३ जानेवारी

कुणीतरी विचारलं: विमान जमिनीवरून नाही, अकरा किलोमीटर उंचावरून जातं, मग अंतर वाढत नाही का? वाढतं. ११ भागिले ६,३७१, म्हणजे ०.१७ टक्के. जेएफके-हीथ्रोवर साडेनऊ किलोमीटर, विमानाला चाळीसेक सेकंद. हे हिशेबात धरायचं नाही. ज्या गोष्टींनी वेळ तासाने बदलतो त्या पुढे आहेत.

३ फेब्रुवारी

आता वेळ. अंतराचं कसं, एकदा अक्षांश-रेखांश पक्के झाले की उत्तर पक्कं. वेळेचं तसं नाही, आणि पहिला गोंधळ व्याख्येचाच आहे.

विमान कंपन्या चार क्षण नोंदवतात: गेट सोडलं, चाकं उचलली, चाकं टेकली, गेटला लागलं. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. मधल्या दोन क्षणांमधला वेळ म्हणजे हवेतला वेळ. वेळापत्रकात छापतात तो ब्लॉक टाइम, त्यातही रांगेत थांबणं, वळसे यांसाठी थोडी मोकळीक धरलेली. प्रवाशाला विचाराल तर त्याच्या लेखी 'दोन तासांची फ्लाइट' म्हणजे ब्लॉक टाइम. पायलटला टेकऑफ ते लँडिंग अभिप्रेत असेल. गर्दीच्या विमानतळावर दोहोंत अर्ध्या तासाचाही फरक पडतो.

आपण ब्लॉक टाइम दाखवायचा आणि तसं शब्दांत लिहायचं. 'उड्डाणाचा कालावधी' असा मोघम मथळा नको. 'गेट ते गेट' हे शब्द प्रत्येकाला कळतात.

१० फेब्रुवारी

नुसतं अंतर भागिले वेग केलं की जवळच्या मार्गांची उत्तरं हास्यास्पद येतात. का, ते कागदावर मांडलं.

अकरा किलोमीटर उंचीवर प्रमाण वातावरणात तापमान उणे ५६.५ अंश असतं आणि ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किमी. ए३२० सारखं एका मार्गिकेचं विमान ०.७८ माखने, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट वेगाने जातं, ताशी ८२९ किमी. बोइंग ७८७ किंवा ए३५० सारखं लांब पल्ल्याचं विमान साधारण ०.८५ माखने, म्हणजे ९०३ किमी. पण हा वेग वर पोचल्यावरचा. बऱ्याच देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटची मर्यादा असते. नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, १,८५२ मीटर. म्हणजे तिथे दाखवणारा वेग ताशी ४६३ किमीच्या आत. उतरण्याचा वैमानिकांचा ठोकताळा तीनास एक: दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. ३५,००० फुटांवरून १०५ नॉटिकल मैल, म्हणजे विमानतळ अजून दोनशे किलोमीटर लांब असतानाच उतरण सुरू झालेली असते. चढायलाही साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त अंतर जातं.

म्हणजे पाचशे किलोमीटरच्या प्रवासात सरळ, संथ, पूर्ण वेगाने उडण्याचा भाग जेमतेम उरतो. चढ-उतारात आणि विमानतळाभोवतीच्या वळशांत गमावलेली पंधरा-वीस मिनिटं आणि जमिनीवर टॅक्सी करण्यात गेलेली वीसेक मिनिटं मिळून चाळीस मिनिटांचा ठरावीक भार प्रत्येक मार्गावर टाकला. त्यावर अंतर भागिले वेग. सूत्र इतकं साधं असून वाऱ्याविना उत्तरं पटण्यासारखी येतात.

अपवाद हवाच होता, आणि तो मजेशीर निघाला. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण आहे. अंतर २.७ किमी, वेळापत्रकात दोन मिनिटं. आपलं सूत्र चाळीस मिनिटं सांगतं. तिथे दोन इंजिनांचं छोटं आयलँडर विमान जातं, ३५,००० फुटांचा प्रश्नच येत नाही. दीडशे किलोमीटरच्या आत वेळ दाखवायचीच नाही, फक्त अंतर, असं ठरवलं. एक सहकारी नाराज आहे. त्याला छोट्या विमानांसाठी वेगळं सूत्र हवंय. पण अशा मार्गांवर कोणतं विमान जातं तेच कोडावरून कळत नाही, तेव्हा सूत्र कशाच्या जोरावर लिहिणार?

१८ फेब्रुवारी

वारा. अख्ख्या प्रकल्पातला सर्वांत रसाळ भाग हाच आहे.

मधल्या अक्षांशांत नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्त जोमाने. विमानं नेमकी त्याच उंचीवर असतात. जेएफके-हीथ्रोचं अंतर ५,५४० धरा, विमानाचा वेग ९०० आणि वारा सरासरी ताशी १०० किमी. वारा नसता तर हवेत ६ तास ९ मिनिटं. पूर्वेकडे जाताना ५ तास ३२ मिनिटं. पश्चिमेकडे परतताना ६ तास ५६ मिनिटं. जाऊन-येऊन वारा नसताना १२ तास १९ मिनिटं, वाऱ्यासह १२ तास २८ मिनिटं. जाताना मिळालं ते येताना फिटतं असं वाटतं, पण फिटत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. म्हणून 'दोन्ही दिशांची सरासरी दाखवू' हा पर्यायही निकालात निघाला. ती सरासरी कोणत्याच दिशेला लागू नाही.

टोकाचं उदाहरण: ८-९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री, कियारा वादळाच्या दिवसांत, ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या संदर्भात वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. तरी ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण तो मोजायचा भोवतालच्या हवेच्या संदर्भात आणि ती हवाच विमानाला घेऊन पळत होती. खरोखर ध्वनीच्या पुढे जाणाऱ्या कॉन्कॉर्डने ७ फेब्रुवारी १९९६ रोजी हाच पल्ला २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापला होता.

जाता जाता: 'पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेकडे जाणारं विमान लवकर का पोचत नाही?' असा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. विमान उडण्याआधीपासून पृथ्वीबरोबर फिरतंय आणि हवाही फिरतेय. सूत्रात पृथ्वीच्या फिरण्याला जागा नाही.

वाऱ्याचा रोजचा अंदाज ओढून आणण्याची सूचना नाकारली. पुढच्या महिन्यातल्या प्रवासाला आजचा वारा काय कामाचा? महिन्यागणिक दीर्घकालीन सरासरी वारा वापरायचा, मार्गाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर वाऱ्याचा मार्गाच्या दिशेतला घटक काढायचा.

१२ मार्च

पोचण्याची स्थानिक वेळ. अमेरिकेत ९ मार्चला घड्याळं एक तास पुढे गेली, ब्रिटनमध्ये ३० मार्चला जातील. तोवर लंडन-न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तासांचा. लंडनहून सकाळी ११ ला निघून आठ तासांनी पोचणारा प्रवासी सध्या तिथल्या ३ वाजता उतरतो, एरवी २ वाजता. विमानतळापुढे 'उणे पाच' असा आकडा साठवणाऱ्या कोणत्याही यंत्रणेचा या तीन आठवड्यांत गोंधळ उडतो. आपण आकडा साठवतच नाही. कालविभागाचं नाव साठवतो आणि नियम जगभरच्या कालविभागांच्या टीझेड डेटाबेसमधून घेतो. पायथनमध्ये ते आयतंच आहे.

चाचण्यांसाठी मुद्दाम आडवाटेच्या जागा घेतल्या. काठमांडू, ग्रीनिच वेळेच्या पावणेसहा तास पुढे. ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड हाउ बेट, जिथे उन्हाळ्यात घड्याळ अर्धाच तास सरकतं. आणि सर्वांत आवडती जोडी, सामोआतलं आपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो. अंतर दीडशे किमी, वेळेतला फरक बरोबर २४ तास. आपियाहून मंगळवारी सकाळी निघालेला माणूस सोमवारी सकाळी उतरतो. सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवस कॅलेंडरमधून वगळून तारीखरेषेची बाजू बदलली, त्याचा हा परिणाम.

तारीखरेषेचा आणखी एक त्रास आहे. फिजीतलं नाडी १७७.४ पूर्व, आपिया १७२ पश्चिम. अंतराचं सूत्र ते नीट सांभाळतं. पण वाऱ्यासाठी मार्गाचे तुकडे करताना रेखांशांची साधी सरासरी काढली तर मध्यबिंदू २.७ पूर्वेवर, थेट दक्षिण अटलांटिकमध्ये पडतो. तुकडे रेखांशांच्या सरासरीने न पाडता बृहद्‌वृत्तावरूनच पाडायचे, हा नियम लिहून ठेवला.

१९ मार्च

अंतराचा आकडा कोण कशाला वापरतं याची छोटी पाहणी. युरोपीय संघाच्या उशीर-भरपाईच्या नियमात १,५०० आणि ३,५०० किमी हे टप्पे आहेत आणि अंतर बृहद्‌वृत्ताने मोजतात. मध्ये विमान बदललं तरी मूळ ठिकाण ते शेवटचं ठिकाण असंच मोजायचं, हे तिथल्या न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. त्याच संघाच्या कार्बन उत्सर्जन-हक्कांच्या व्यापाराच्या नियमांत बृहद्‌वृत्तात ९५ किमी मिळवतात. आयकाओचा कार्बन हिशेब ५५० किमीच्या आत ५० किमी, ५,५०० किमीपर्यंत १००, त्यापुढे १२५ असे वाढवतो. वळसे असतातच हे सगळ्यांनी मान्य केलंय, फक्त भर ज्याची त्याची. आपण दाखवू ते अंतर निव्वळ. काहीही न मिळवलेलं.

२ मे

हवाई हद्दी. २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केली आणि ३० एप्रिलला भारतानेही तेच केलं. उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणारी भारतीय विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालून जातायत. आपलं सूत्र अजून सरळ रेघेवरच आहे. २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेरपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानची हद्द बंद होती.

याहून ठळक उदाहरण हेलसिंकी-टोकियो. २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर फिनएअरची विमानं उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून जायला लागली, आणि नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास साधारण १३ तासांवर गेला. बृहद्‌वृत्ताचं अंतर होतं तेवढंच आहे.

अडचण अशी की बंदी मार्गावर नसून कंपनीवर असते. त्याच दोन शहरांमध्ये तिसऱ्या देशाची विमानं जुन्याच वाटेने जाऊ शकतात. दोन कोडांच्या प्रश्नात कंपनी नाही. बंद हद्दींची यादी आपण राखली तरी ती कोणाला लावायची? त्यामुळे सूत्रात हात घालायचा नाही. मार्ग अशा हद्दीवरून जात असेल तर उत्तराखाली एक ओळ दाखवायची. ती यादी हाताने राखावी लागेल आणि प्रत्येक नोंदीपुढे शेवटची तपासणी केव्हा झाली ती तारीख हवी. तिबेटच्या पठाराचंही तसंच. हवेचा दाब गेला तर विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे. म्हणून बहुतेक मार्ग त्याला बगल देतात.

१५ मे

दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को या जोडीवर सगळं एकत्र तपासलं. बृहद्‌वृत्त सुमारे १२,४०० किमी, ध्रुवीय प्रदेशावरून. एअर इंडिया सुरुवातीला अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किमी जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी पॅसिफिकचा मार्ग धरला. १५,३०० किमी, म्हणजे चौदाशे किलोमीटरने लांब, तरी साडेचौदा तासांत, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. वारा सगळा पाठीशी. आपलं यंत्र इथे अंतर अचूक सांगतं आणि यातल्या कोणत्याही मार्गावर विमान तेवढंच अंतर उडत नाही.

यावरून पडद्यावरचं उत्तर बदललं. अंतर एकाच आकड्यात, किलोमीटर आणि नॉटिकल मैलांत, दशांश नाही. वेळ मात्र 'इतक्या ते इतक्या' अशी, पाच मिनिटांच्या पटीत आणि दोन्ही दिशांची वेगवेगळी. खालची मर्यादा अनुकूल वाऱ्याच्या महिन्याची, वरची प्रतिकूल महिन्याची. पोचण्याची स्थानिक वेळही त्याच हिशेबाने दोन टोकांची. '७ तास १३ मिनिटं' असं उत्तर देणारी साधनं जास्त विश्वासार्ह दिसतात, हा आक्षेप बैठकीत आला. दिसू देत.

उरलेलं: वेळेचा पट्टा फार रुंद होणाऱ्या जोड्या वेगळ्या काढून बघणे. हद्दींच्या यादीची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाकणे. नकाशाचा विषय पुन्हा निघाला आहे. काढायचाच असेल तर रेघेवर 'प्रत्यक्ष मार्ग नव्हे' हे शब्द हवेत.